संगणकातील दीर्घिका : चित्र की पुरावा?

संगणकावर घडवलेल्या दीर्घिकांची रंगीत चित्रे आता पुस्तकांतून आणि भित्तिपत्रकांतून सर्रास दिसतात. त्यांखाली 'विश्व असे घडले' अशा अर्थाची ओळ असते. आमची हरकत आहे ती या ओळीला.

१९४१ साली स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी ७४ विजेचे दिवे मांडून दोन दीर्घिकांची गाठभेट अभ्यासली. प्रकाशाची तीव्रता आणि गुरुत्वाकर्षण ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, ही त्यामागची युक्ती. २००५ च्या 'मिलेनियम' प्रतिरूपात कणांची संख्या १,००० कोटींवर गेली. तरी त्यातील एकेक कण सुमारे १ अब्ज सूर्यांएवढ्या वस्तुमानाचा होता! प्रत्येक कणाची इतर प्रत्येकाशी जोडी लावून गणित करणे अशक्यच. म्हणून दूरच्या कणांचा गट करून त्यांची एकत्रित ओढ काढतात. पुण्याच्या 'आयुका'त संशोधन केलेले जसजीतसिंग बागला यांची २००२ मधील 'ट्री-पीएम' पद्धत याच जातीची.

गुरुत्वाकर्षणाचा भाग अशा रीतीने बराच विश्वासार्ह झाला आहे. खरी अडचण वायूची आणि ताऱ्यांची. गडहिंग्लजच्या हिरण्यकेशीचा नकाशा एकेक किलोमीटरच्या चौकटी पाडून केला, तर पुलाच्या खांबामागचा भोवरा त्यात कसा दिसणार? त्याचा परिणाम एखाद्या नियमाने, अंदाजानेच धरावा लागेल. २०१५ च्या 'ईगल' प्रतिरूपात वायूचा एक कण सुमारे १८ लाख सूर्यांएवढा होता. साहजिकच ताऱ्याचा जन्म आणि सुपरनोव्हाचा स्फोट तेथे प्रत्यक्ष घडत नाहीत. ते नियमाने घातले जातात. शिवाय स्फोटांचा प्रभाव असा ठरवला होता, की आजच्या दीर्घिकांची वस्तुमानानुसार संख्या निरीक्षणांशी जुळावी.

ही लबाडी नव्हे. संशोधकांनी ते उघड सांगितले आहे. परंतु जे जुळवून घेतले ते जुळले, यात पुरावा कसला? उत्तर पाहून सोडवलेल्या गणिताला आपण पूर्ण गुण देतो काय?

कसोटी लागते ती न जुळवलेल्या गोष्टींवर. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्वाचे वय अवघे सुमारे १५० कोटी वर्षे असताना तिचे दोन्ही बाहू सुबक तयार होते! इतक्या लवकर एवढी शिस्त बहुतेकांना अपेक्षित नव्हती. मात्र यावरून 'सिद्धांत कोसळला' म्हणणेही उतावीळपणाचे. चूक गुरुत्वाकर्षणाच्या गणितात नसून तारे घडवण्याच्या नियमात असू शकेल. आणि एका दीर्घिकेवरून अशा दीर्घिका किती होत्या हेही ठरत नाही.

म्हणून शिक्षकांनी असे चित्र वर्गात जरूर दाखवावे, पण सोबत तीन प्रश्न विचारावेत. एक कण किती सूर्यांचा? कोणते आकडे जुळवून घेतले? आणि न जुळवता काय बरोबर आले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, तेवढाच त्या चित्रातला पुरावा.