संयमाचे कौशल्य : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील खंजीरधारी योद्धा

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या ऑनलाइन खेळातील 'रोग्' हा खंजीरधारी योद्धा शत्रूला भिडून लढतो. त्याचे प्रावीण्य सामान्यतः प्रतिसेकंद केलेल्या हानीच्या आकड्यावरून ठरविले जाते. ही कसोटी अपुरी वाटते. खेळाच्या मूळ रचनेत त्याची १०० एककांची ऊर्जा दर दोन सेकंदांस केवळ २० ने भरून येते; त्यामुळे नुसत्या घाईने हानी वाढत नाही. शिवाय हानीचा अतिरेक झाल्यास ढालधारी सहकाऱ्याशी गुंतलेला शत्रू याच्यावरच उलटतो, आणि मृत योद्धा काहीच हानी करू शकत नाही. अशा वेळी जाणीवपूर्वक आवरलेला वार आकड्यात मात्र उणीव म्हणूनच दिसतो. सारांश, या भूमिकेतील प्रगती म्हणजे मुख्यतः संयमाचे शिक्षण होय. केवळ आकड्याने केलेले मूल्यमापन त्याची दखल घेत नाही.