सामूहिक रेखाटन आणि समाईक अर्थ

भिन्न संस्कृतींतील माणसे एकाच पृष्ठावर रेषा काढू लागली की त्यांच्यात समाईक अर्थ आपोआप निर्माण होतो, असे प्रतिपादन कलाविषयक लेखनात वारंवार आढळते. शब्दाला भाषेचे बंधन असते, रेषेला ते नसते, हे या मताचे गृहीत होय. परंतु रेषाही संकेतांच्या आधारेच वाचली जाते. म्हणून हे गृहीत तपासून घेणे अवश्य ठरते.

सामूहिक रेखाटनाचे आपल्याकडील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे वारली समाजातील लग्नचौक. घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात. मध्यभागी पालघट देवीची स्थापना होते, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकावाचून विवाह पूर्ण मानला जात नाही. येथे अनेक हातांची रेषा एकजीव होते खरी. पण तिचा अर्थ रेखाटनातून नव्याने जन्मत नाही. तो विधीने आधीच दिलेला असतो. चौक तो अर्थ निर्माण करीत नाही, जागवितो.

संस्कृती भिन्न असल्या म्हणजे काय घडते? जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांची कामे २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे एकत्र प्रदर्शित झाली. वर्तुळ व सर्पिल या आकृती दोघांच्याही कामांत आढळतात. तथापि एकाचे वर्तुळ तारप्याभोवतीच्या नृत्याचे, तर दुसऱ्याचे एकट्या पांथस्थाच्या भ्रमणाचे. आकाराचे साम्य म्हणजे अर्थाचे ऐक्य नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

याहून कठीण कसोटी वरळी कोळीवाड्यात लागली. (वरळी व वारली यांत केवळ नामसादृश्य आहे.) सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मीटर दाखविले होते. अभियंत्याच्या दृष्टीने ती रेषा पुरेशा मोकळ्या वाटेची होती. कोळ्याला त्याच रेषेत भरती-ओहोटीचा ओढ, वाऱ्याने कलंडणारी होडी आणि समोरून येणारी दुसरी होडी दिसत होती. २००९ साली खुल्या झालेल्या सेतूच्या खांबांमधून ये-जा करण्याचा अनुभव त्याच्या गाठी होता. कोळीवाड्याने १६० ते २०० मीटरांची मागणी केली. २०२१ मध्ये होड्या समुद्रात नेऊन काम अडविले गेले. अखेर २०२२ च्या शेवटी एक नियोजित खांब वगळून १२० मीटरांचे अंतर मान्य झाले.

दोन्ही पक्षांनी एका कागदावर बसून आकृती काढली, असे येथे घडले नाही. तरीही हे प्रकरण सामूहिक रेखाटनाच्या चर्चेत निर्णायक ठरते. आराखडा सिद्ध होईपर्यंत कोळी त्याचा वाचकही नव्हता. आणि रेषा बदलली तेव्हाच ती काही अंशी त्याचीही झाली. काही अंशी म्हणण्याचे कारण उघड आहे. १२० मीटर ही तडजोड होय, सहमती नव्हे. मान्य झालेल्या आकड्यात कोळ्याचे समुद्रज्ञान किती उतरले आणि आंदोलनाचा दाब किती, हे नुसत्या आराखड्यावरून कळण्याजोगे नाही.

यावरून प्रस्तुत विषयाच्या अभ्यासाला एक दिशा मिळते. समाईक अर्थाची अट 'सर्वांनी रेषा काढणे' ही नसून 'दुसऱ्याची रेषा खोडण्याचा अधिकार सर्वांना असणे' ही आहे. लग्नचौकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे नियम एकच. ड्युसेलडॉर्फला तो टळला, कारण तेथे कोणाचे काही पणाला लागलेले नव्हते. वरळीत मात्र उदरनिर्वाहच पणाला लागला होता. म्हणून संशोधकाने पूर्ण झालेल्या चित्राच्या सौहार्दावर विसंबू नये. आधीची कोणती रेषा कोणाच्या सांगण्यावरून पुसली गेली आणि कोणाची हरकत असूनही कोणती तशीच राहिली, याचा शोध घेतल्यावाचून अशा चित्राचे मूल्यमापन अपुरेच राहील.