साहित्य, उसनं आणि उचल : वाचनालयातून वस्तू न्यायच्या तर

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, वाचनालयातून शिलाई मशीन न्यायचं? मग वाचनालय आणि भाड्याचं दुकान यात फरक काय राहिला?" प्रश्न त्याने चेष्टेत विचारला होता, पण प्रश्न खरा आहे. आज मी त्याचंच उत्तर शोधणार आहे.

आधी माहिती. पुस्तकांखेरीज इतर वस्तू घरी नेऊ देणारी सार्वजनिक ग्रंथालयं जगात आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रोस पॉइंट गावी १९४३ पासून ग्रंथालयातून हत्यारं मिळतात. कॅलिफोर्नियात बर्कली शहराच्या ग्रंथालयाने १९७९ साली हत्यारांचा स्वतंत्र विभागच काढला. कार्ड दाखवायचं, करवत किंवा शिडी घेऊन जायची, मुदतीत परत आणायची. पुढे त्यात शिलाई मशीनं आली, दुर्बिणी आल्या, वाद्यं आली. याला तिकडे 'वस्तूंचं ग्रंथालय' म्हणतात.

हे ऐकून आपल्याला हसू येतं. पण आपली भाषा बघा काय म्हणते. 'साहित्य' या एका शब्दात आपण कादंबरीही बसवतो आणि पूजेची ताम्हण-पळीसुद्धा. मराठी साहित्य, स्वयंपाकाचं साहित्य, बांधकामाचं साहित्य. जे जुळवून आणल्याशिवाय काम होत नाही ते साहित्य. म्हणजे पुस्तक आणि वस्तू यांच्यामध्ये आपण आज जी भिंत घालतो, ती भाषेने घातलेली नाही.

आणि ही भिंत याच गावात चारशे वर्षांपूर्वी एकाने ओलांडली आहे. दासोपंतांची पासोडी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या अशा कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते हा तत्त्वज्ञानातला अवघड विषय, आणि लिहायला घेतलं काय, तर पांघरूण! आता मला सांगा, वाचनालयाच्या दाखलनोंद वहीत पासोडी कुठे लिहाल, ग्रंथात की वस्तूंत?

तर वस्तू वाचनालयात येऊ शकते का, हा माझ्या मते प्रश्नच नाही. ती कोणत्या नात्याने दिली जाते, हा प्रश्न आहे. आणि इथे मला परदेशी कल्पनेवर थोडी टीका करायची आहे.

तिकडची मांडणी मुख्यतः अशी : घराघरात ड्रिल पडून आहे, वर्षातून दोनदा लागतं, प्रत्येकाने कशाला विकत घ्यायचं? म्हणजे तो अतिरेकावरचा उपाय आहे. आपल्याकडे ड्रिल पडून नाही, ते मुळात नाहीच. त्यांची यादी जशीच्या तशी उचलून इथे लावली तर ती शोभेची होईल.

शिवाय वस्तू देण्याघेण्याच्या रीती आपल्याकडे नाहीत असं थोडंच आहे? लग्नकार्याची मोठी भांडी आणि सतरंज्या देवळातून किंवा पंचायतीतून मिळतात. शहरात रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडून व्हीलचेअर, वॉकर, कॉट नेता येते. शेतकरी गटांच्या अवजारे बँका आहेत. मग वाचनालयाने यात वेगळं काय करायचं?

हे समजायला दुसऱ्याची वस्तू वापरायला घेण्याचे आपल्याकडचे प्रकार बघू. पहिला, उसनं. शेजारणीकडून वाटीभर साखर किंवा शिडी आणतो. यात प्रेम आहे, पण मिंधेपणाही आहे, आणि शेजारीण नाही म्हणू शकते. दुसरा, भाडं. यात मिंधेपणा नाही, पण पैसे नसतील तर दार बंद. आणि तिसरा प्रकार बीडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. उचल.

दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. पैसे आधी, काम नंतर. हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. इथे माणूस पैसे घेतो आणि गहाण काय ठेवतो? स्वतःलाच. त्याची भाषाही बघा. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. हातातल्या हत्याराचं नाव माणसाला लागलं.

इथे मला अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की मालकी खाजगी असावी, पण वापर सामाईक असावा. वस्तूंच्या ग्रंथालयाचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं, असं वाटतं. पण तो उदाहरण स्पार्टाचं देतो. स्पार्टाचे लोक एकमेकांचे घोडे, कुत्रे आपलेच असल्यासारखे वापरतात, आणि, त्याच यादीत, एकमेकांचे गुलामही. पस्तीस वर्षं मी हा उतारा वर्गात शिकवला. पहिली बरीच वर्षं मी त्या यादीवरून सरळ पुढे जात होतो, हे मला कबूल केलं पाहिजे.

म्हणून सामाईक वापर हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, सामाईक कुणामध्ये? यादीत वापरणारा कोण आणि वापरला जाणारा कोण? गावची भांडी गावाची होती म्हणतात. ती सगळ्या वस्त्यांना मिळत होती का? पाणवठे सगळ्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, तरी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. सार्वजनिक असणं हा वस्तूचा गुण नाही. ते नियमाने आणावं लागतं, आणि वागण्यात उतरवावं लागतं.

आता वाचनालयाची देवघेव काय करते ते बघा. ती उसन्यासारखी पुढच्याच्या मर्जीवर नाही, भाड्यासारखी ऐपतीवर नसावी, आणि उचलीसारखी माणसाला बांधत नाही. नोंदवहीत नाव लागलं की घेणं हा हक्क आणि परत करणं हे कर्तव्य. बाकी घेणारा मोकळा. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. दुकान वस्तू देतं. वाचनालय वस्तूबरोबर घेणाऱ्याला नागरिकाची जागा देतं.

हे फार गोड झालं. आता अडचण सांगतो. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. पाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. मला हे सिद्धांत वस्तूंनाही लावावेसे वाटतात, पण एका ठिकाणी ते तोकडे पडतात. पुस्तकाची पानं सैल होतात, मजकूर मात्र शंभर जणांनी वाचला तरी तेवढाच राहतो. शिलाई मशीन शंभर जणांनी वापरलं की झिजतं. वस्तूचा उपयोग म्हणजे तिची झीज. ज्याला झीज मंजूर नाही, त्याला उपयोगही मंजूर नाही.

एका वाचनालयाच्या बैठकीत मी सुचवलं होतं की एक दुर्बीण, दोन मोजपट्ट्या, विज्ञानाच्या प्रयोगांची पेटी आणि एक शिलाई मशीन ठेवू. लगेच प्रश्न आला, "सर, फुटलं तर भरणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांना दोष देत नाही. कपाटाला कुलूप घालणाऱ्याला तपासणीच्या दिवशी कुणी बोलत नाही, आणि उघडं ठेवणाऱ्याला एका हरवलेल्या प्रतीचा जाब द्यावा लागतो. आमच्याकडे हरवणं, मोडणं आणि झिजणं यांना वहीत एकच रकाना आहे.

आज मला उत्तर सुचतं ते असं. तीन रकाने करा. हरवलं तर घेणाऱ्याने भरावं. हयगयीने मोडलं तर त्याचा वाटा घ्यावा. वापरून झिजलं तर ते वाचनालयाने आनंदाने सोसावं, दुरुस्त करावं, आणि शेवटी निर्लेखन करावं. तालुक्याच्या गावी मशीन दुरुस्त करणारा कारागीर असतोच. महिन्यातून एक दिवस तो वाचनालयात बसला, तर तोही वाचनालयाचा माणूस झाला.

आणि वस्तू कोणत्या, हे मी ठरवू नये. माझ्या यादीत दुर्बीण पहिली आली, कारण मी प्राध्यापक आहे. तोडीला जाणाऱ्या बाईला विचारा. ती कदाचित सौरदिवा म्हणेल, ताडपत्री म्हणेल, लेकरासाठी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी म्हणेल. पण आमचा नियम काय आहे? अनामत भरा आणि ठरलेल्या दिवसांत परत करा. जी माणसं सहा महिने गावातच नसतात, त्यांना हा नियम न बोलता बाहेर ठेवतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. या नावातला 'सार्वजनिक' शब्द मनावर घ्यायचा, तर मुदतही त्यांच्या हंगामाने आखली पाहिजे.

म्हणून एकच छोटी मागणी करून थांबतो. या जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाने, मग ते 'ड' वर्गाचं का असेना, यंदा दिवाळीपूर्वी काही पेट्या तयार कराव्यात. अनामत घेऊ नये. परतीच्या तारखेच्या जागी 'गुढीपाडवा' लिहावं. कुणाची तोड लांबली तर दंड न लावता मुदत वाढवावी. आणि नोंदवहीत 'एक कोयता' लिहू नये. दोन नावं लिहावीत, बाईचं वेगळं, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने.

काही पेट्या परत येणार नाहीत. काही झिजून येतील. झिजून आलेली पेटी आधी उघडून बघा, ती वापरली गेलेली असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.