मातमी घरी जेवण कोणी पाठवायचे?

मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटवू द्यायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी पाठवायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आयझॅक डिनेसन या डॅनिश लेखिकेची ‘बाबेटची मेजवानी’ ही दीर्घकथा वाचताना हा रिवाज सारखा आठवत राहतो, कारण या कथेत तो पार उलटा झाला आहे. मयत जिच्या घरी झाली तीच बारा वर्षे साऱ्या गावासाठी रांधते.

कथा १९५० साली प्रथम छापून आली. तिच्यावरील गाब्रिएल अ‍ॅक्सेल यांच्या १९८७ च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तेव्हापासून ती बहुधा कलेची आणि औदार्याची कथा म्हणून वाचली जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

१८७१ साली पॅरिसचे कम्यून चिरडले गेले. त्यात बाबेटचा नवरा आणि मुलगा गोळ्या घालून मारले गेले. तिच्यावरही घरांना आगी लावल्याचा आळ आला. ती पळून नॉर्वेच्या टोकाला, बर्लेवॉग या लहानशा वस्तीत येते. तेथे दिवंगत धर्मगुरूच्या दोन अविवाहित मुली बापाचा छोटा, कडक शिस्तीचा ल्युथरन पंथ सांभाळत असतात. त्या तिला आसरा देतात. आसरा खरा आहे, तो नाकारता येणार नाही.

पण या गावाचे वैर ओळखायला जरा थांबावे लागते. कोणी दगड मारत नाही, कोणी दार लावून घेत नाही. बाबेट कॅथलिक आहे. बहिणी ठरवतात की तिच्याशी वाद नको, आपले चांगले वागणे पाहून ती आपोआप आपल्या मार्गाला लागेल. ती फ्रेंच आहे, म्हणजे बेडूक खाणाऱ्यांपैकी. म्हणून पॅरिसच्या नामांकित हॉटेलच्या या मुख्य आचारिणीला त्या सुका मासा आणि पावाची पेज शिकवतात! ती मुकाट्याने शिकते.  परक्याला सुधारायला निघणारी ही सभ्य माणसे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत.

पुढे बाबेटला लॉटरीचे दहा हजार फ्रँक मिळतात आणि धर्मगुरूच्या शंभराव्या जयंतीला ती फ्रेंच जेवण घालायचे ठरवते. स्वयंपाकघरात जिवंत कासव दिसताच थोरली बहीण हादरते. रात्री तिला स्वप्न पडते की बाबेट सर्वांना विष घालते आहे. मग सगळे मंडळ शपथ घेते की जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, जिभेला चवच नाही असे समजायचे. (कासवाचे सूप आणि मद्य आपल्याही दस्तरखानावर येणार नाही, हे खरे. पण आपला परहेज वेगळा आणि वाढणाऱ्या हाताचा संशय वेगळा.) बारा वर्षे जिच्या हातचे खाल्ले, तिच्या भांड्यात काय शिजते या एका धास्तीने सारा विश्वास वाहून जातो. इथे डिनेसनची लेखणी कोठेही चढ्या आवाजात बोलत नाही, म्हणूनच ती जास्त बोचते.

कथेचा गाभा मला मेजवानीत नव्हे, तिच्यानंतरच्या बोलण्यात वाटतो. आता पॅरिसला परत जाशील ना, असे बहिणी विचारतात. जायचे कोणाकडे, असा तिचा सवाल. तिचे जेवण समजणारे सरदार-दरकदार संपले. ते जुलमी होते, गरिबांना उपाशी मारणारे होते. ज्या सेनापतीच्या हातांना तिच्या नवऱ्याचे व मुलाचे रक्त लागले तोही त्यांच्यातलाच. तरी तिची कला त्यांनीच ओळखली होती, म्हणून ती त्यांच्यासाठीही रडते. असा गुंतागुंतीचा मातम आपल्या कथांत मला फारसा भेटलेला नाही. आपले शोकग्रस्त पात्र बहुधा निर्मळ असते आणि जालीम साफ काळा.

त्या रात्री पाहुणे जुनी भांडणे विसरून, हातात हात घालून बर्फातून घरी जातात. पॅरिसची चव ओळखणारा एकटा जनरल; तो भाषण करतो, पण आचाऱ्याला भेटायला आत डोकावत नाही. बहिणी स्वयंपाकघरात येतात तेव्हा तेलकट भांड्यांच्या राशीत बाबेट लाकडी ओंडक्यावर बसलेली असते. पहिल्या रात्री याच दारात ती बेशुद्ध पडली होती, तेव्हा होती तितकीच पांढरीफटक.