मोरपिसं कुणाची?

इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलमध्ये एक झगा जपून ठेवला आहे. १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळी झालेल्या नृत्यसमारंभात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी तो घातला होता. अंगभर एकावर एक चढलेली जरदोजीची मोरपिसं, पिसांच्या डोळ्यांत भुंगेऱ्याच्या पंखांची चकचकीत हिरवी कवचं. वजन साडेचार किलोच्या आसपास. किशन चंद यांच्या कारागिरांनी शिफॉनचे तुकडे भरले. मग ते पॅरिसला वर्थच्या पेढीत गेले आणि तिथे झगा तयार झाला.

आधी भरतकाम, मग शिवण, हा क्रम महत्त्वाचा आहे. भरलेल्या पिसावर हवी तशी कात्री चालवता येत नाही. जोड कुठे येणार, घेर कुठे सुटणार, याचा विचार अड्ड्यावर कापड ताणतानाच करावा लागतो. म्हणजे या झग्याची रचना निम्मी तरी भरणाऱ्यांच्या हातात होती. तरीही तो ओळखला जातो ‘वर्थचा’ म्हणून.

३० मार्च २०२३ रोजी दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. मारिया ग्राझिया किउरी यांच्या त्या संग्रहाचं भरतकाम मुंबईतल्याच चाणक्य या कार्यशाळेचं होतं, आणि तिचं नाव उघडपणे घेतलं गेलं. चाणक्यची शाळा स्त्रियांना हे काम शिकवते. मुंबईच्या कारखान्यांत ते बहुतेक पुरुषच करत आले आहेत. हे सगळं स्वागतार्हच. पण नीट पाहिलं तर १९०३मध्येही कारखानदाराचं नाव ठाऊक होतंच. तेव्हा अज्ञात राहिला तो सुई धरणारा हात. आजही तो अज्ञातच आहे.

हा प्रश्न निव्वळ श्रेयाचा नाही. ‘इतिहासातून प्रेरणा’ म्हणताना आपण नक्षी उचलतो, तिच्यामागचा संवाद मात्र सोडून देतो. लग्नसराईतल्या घागऱ्यांवर शिवणीत मान कापला गेलेला मोर दिसतो, तो त्यामुळेच. भरणाऱ्याला बेत कुणी दाखवलेला नसतो, आणि शिवणाऱ्याने खाका पाहिलेला नसतो. जुन्या वस्त्रांकडून काही घ्यायचंच असेल, तर कापड अड्ड्यावर चढण्याआधी त्या दोघांना एका चटईवर बसवण्याची रीत घ्यावी. मोर त्यानंतर काढता येईल.