बॅटलफील्ड बँड

स्कॉटलंडचे पारंपरिक लोकसंगीत मैफलीच्या रंगमंचावर सादर करणारा एक प्रमुख वाद्यवृंद. स्थापना ग्लासगो येथे १९६९ मध्ये. ज्या उपनगरावरून त्यास हे नाव मिळाले, ते १५६८ मधील लँगसाइडच्या लढाईचे स्थळ होय. ब्रायन मॅकनील (व्हायोलिन) व ॲलन रीड (गायन व कळफलक-वाद्ये) हे त्याचे संस्थापक सदस्य. मॅकनील १९९० मध्ये व रीड २०१० मध्ये त्यातून बाहेर पडले.

हायलँड बॅगपाइपला वाद्यवृंदात स्थान देणे, हे या वाद्यवृंदाचे सर्वांत महत्त्वाचे व तितकेच कठीण कार्य. हे वाद्य मूलतः मोकळ्या मैदानातले. त्याच्या स्वरनलिकेतून केवळ नऊ स्वर निघतात आणि तीन आधारनलिकांचा नाद सनईच्या साथीला असलेल्या सुराप्रमाणे अखंड चालू राहतो. त्याचा आवाज लहानमोठा करता येत नाही. वादन चालू असता स्वर मध्येच थांबविताही येत नाही. त्यामुळे एकच स्वर लागोपाठ वाजविताना मध्ये क्षणिक कणस्वर घ्यावे लागतात. बंदिस्त सभागृहात या वाद्यापुढे व्हायोलिन व कंठस्वर लोपण्याचा धोका असतो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डंकन मॅकगिलिव्हरी हा बॅगपाइपवादक आल्यावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. पेझ्ली येथील टॅनहिल वीव्हर्स या समकालीन वाद्यवृंदानेही तो आपल्या परीने हाताळला.

बॅटलफील्ड बँडने त्यावर आपल्या परीने उपाय शोधला. रीडच्या कळफलकाने खर्जाचा भक्कम आधार पुरविला, गिटारने लय सांभाळली आणि बॅगपाइपचा आवाज ध्वनिवर्धकांच्या साहाय्याने इतरांशी जुळवून घेतला गेला. गीतांच्या साथीस सौम्य वाद्ये आणि रील नृत्यगतींच्या मालिकेत हायलँड बॅगपाइप, अशी विभागणी मैफलीत दिसते. होम ग्राउंड (१९८९) या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तिचा प्रत्यय येतो.

विद्युत् कळफलकामुळे पारंपरिक संगीताचा अस्सलपणा उणावतो, असा आक्षेप घेता येईल. तथापि त्यात फारसे तथ्य नाही. कारण मूळ धून व तिचे कणस्वर येथे अबाधित राहतात, बदलतो तो भोवतालचा स्वरमेळ. खरी मर्यादा वेगळी आहे. द्रुत गतींच्या मालिकेने परमोत्कर्ष साधण्याची रीत ठरावीक होत जाते आणि बॅगपाइपच्या अभिजात परंपरेतील पिब्रॉख हा विलंबित, विस्तारप्रधान प्रकार अशा रचनेत सहसा बसत नाही. श्रोत्यांपुढे येतो तो परंपरेचा नृत्यप्रधान भाग. तिचा चिंतनशील भाग मागे राहतो.

ही मर्यादा लक्षात घेऊनही, सैनिकी संचलने व स्पर्धा यांच्याशी प्रामुख्याने निगडित झालेले वाद्य लोकगीतांच्या सान्निध्यात आणून बसविण्याचे श्रेय ज्या थोड्या वाद्यवृंदांना जाते, त्यांत बॅटलफील्ड बँडचे स्थान निश्चित आहे. सदस्य वारंवार बदलूनही ही जुळणी टिकली, यातच तिचे सामर्थ्य दिसून येते.