'कंपनी' आणि मंडळी

इंग्रजीतील 'कंपनी' हा शब्द रोजच्या वापरातला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे: सोबतीने भाकरी खाणारा तो सोबती, आणि अशा सोबत्यांचा मेळा ती कंपनी. तेथून सहवास, पाहुण्यांचा मेळावा, नटांचा संच, पलटणीतील तुकडी आणि व्यापारी संस्था असे अर्थ त्यास फुटत गेले.

मराठीने त्यासाठी 'मंडळी' हा शब्द योजिला, आणि तो पुष्कळ अंशी योग्यच आहे. घरची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभारलेली नाटक मंडळी, दुकानाच्या पाटीवरील 'आणि मंडळी' हे सारे अर्थ तो सहज पेलतो.

तंजावरच्या इतिहासात मात्र हा पर्याय लंगडा पडतो. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून निवर्तले, तेव्हा कंपनीने राज्यच खालसा केले. वाचकांनी या वाक्यांत 'कंपनी'च्या जागी 'मंडळी' घालून पाहावे. भागीदारांची ती व्यापारी संस्था खरी. पण ती तह करते, फौज बाळगते आणि गादीला वारस आहे की नाही हेही ठरविते. 'मंडळी' म्हणताच ओळखीची माणसे डोळ्यांपुढे येतात. येथे माणूस दिसत नाही, फक्त शिक्का दिसतो. लोकांनी 'कंपनी सरकार' हा जोडशब्द केला, यात कोशकाराहून अधिक जाण होती.

चित्रकलेच्या चर्चेतही हाच शब्द भेटतो. तंजावरच्या चित्रकारांनी इंग्रज अधिकाऱ्यांसाठी नाना जातींच्या व व्यवसायांच्या जोडप्यांची चित्रे काढली. त्यांस 'कंपनी शैली' म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक या नावाने शैली कळत नाही, गिऱ्हाईक कळते. बहुतेक चित्रकारांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या कामालाही नाव लाभले ते विकत घेणाऱ्याचे. समीक्षकाने हे नाव वापरावे, पण ते कोणी कोणास दिले याचे भान ठेवूनच.

कोशात एका शब्दाचे अर्थ क्रमांकाने, एकाखाली एक, निमूटपणे बसतात. इतिहासात ते तसे बसत नाहीत. एक अर्थ दुसऱ्यास गिळतो. पंगतीच्या सोबत्यापासून निघालेल्या शब्दाने येथे यजमानाचे स्वयंपाकघरच ताब्यात घेतले. ती कंपनी १८७४ मध्ये विसर्जित झाली. भाषाशुद्धीचा आग्रह चांगला. परंतु तंजावरविषयी लिहिताना हा परका शब्द परकाच राहू द्यावा. त्याचे परकेपण हाच तेथे त्याचा अर्थ आहे.